काळ्या कातळावरचे पांढरे पाणी

कृष्णधवल फिल्मवर टिपलेल्या धबधब्याचा प्रिंट बिघडतो तो बहुतेक वेळा एकाच ठिकाणी, धारेच्या ऐन मध्यभागी. कडेचे तुषार, ओला कातळ, वरची झाडी हे सगळे नीट उतरलेले असते आणि मुख्य धार मात्र कोऱ्या कागदाची पट्टी होऊन राहते. तिथे चांदीचा कण नसतो, पाण्याचा पोत नसतो आणि त्यामुळे पाण्याला वजनही नसते. इंदूरच्या आसपासचे धबधबे फिल्मवर टिपताना आणि घरच्या डार्करूममध्ये त्यांचे प्रिंट काढताना माझे सारे प्रयत्न या एका पट्टीभोवतीच फिरत आले आहेत. पडणारे पाणी डोळ्यांना पांढरे दिसत असले, तरी कागदावर ते फिकट करड्या छटांच्या एका अरुंद टप्प्यात बसवावे लागते, आणि त्या टप्प्याची आखणी शटर दाबण्याच्या आधी, दरीच्या काठावरच करावी लागते, असे माझे मत आता पक्के झाले आहे.

आपल्याकडचे धबधबे या कामाला फार चांगले आहेत आणि फार कठीणही आहेत. महू ओलांडल्यावर माळव्याचे पठार विंध्याच्या कडेला येऊन तुटते आणि खाली निमाड सुरू होतो. या कडेवरून पावसाळ्यात जागोजागी पाणी कोसळते. महूजवळच्या पाताळपाणीला चोरल नदी सुमारे ३०० फूट खाली झेपावते. सिमरोलजवळच्या तिंछाला दरीच्या समोरच्या काठावरून पूर्ण धार एका नजरेत मावते. दोन्हीकडचा खडक म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, जो कोरडा असताना करडा दिसतो आणि भिजला की जवळजवळ काळा होतो. म्हणजे चौकटीत एकाच वेळी निसर्गातला बराच गडद खडक आणि बरेच उजळ पाणी शेजारी-शेजारी येतात, आणि फिल्मला व कागदाला दोघांनाही सांभाळून घ्यावे लागते.

त्यातही पावसाच्या सुरुवातीला पाणी पांढरे नसतेच. आषाढातल्या पहिल्या मोठ्या पावसांनंतर माळव्याची माती घेऊन येणारी चोरल चहाच्या रंगाची असते. डोळ्यांना तो रंग कातळापासून वेगळा दिसतो, परंतु कृष्णधवल फिल्मवर तो तपकिरी रंग मधल्या करड्यात उतरतो आणि धबधब्याचा जोर निम्मा होतो. अशा वेळी मी नारिंगी फिल्टर लावते. तो निळा प्रकाश अडवतो आणि तपकिरी-तांबूस प्रकाश जाऊ देतो, त्यामुळे गढूळ पाणी एक पायरी वर चढते आणि ढगाळ आकाशाचा निळसर उजेड अंगावर घेणारा कातळ थोडा खाली बसतो. लाल फिल्टरने हाच परिणाम अधिक तीव्र होतो, पण तीन स्टॉप, म्हणजे तीनदा निम्मा होईल इतका, प्रकाश जातो आणि भोवतालची सगळी हिरवळ काळवंडते. श्रावणातल्या दरीतली हिरवळ काळी छापणे मला पटत नाही, म्हणून लाल फिल्टर मी घरीच ठेवते. भाद्रपद उजाडेपर्यंत गवताने माती धरलेली असते, पाणी निवळते आणि मग साधा पिवळा फिल्टर पुरतो.

आता शटरविषयी, कारण कोऱ्या पट्टीचे खरे मूळ तिथे आहे. धार कोरी आली की आपण म्हणतो की एक्स्पोजर जास्त झाले. ते अर्धेच खरे आहे. शटर उघडे असताना फिल्मच्या एकाच बिंदूवरून कधी पाण्याचा उजळ लोट, कधी मधली सावली, कधी मागचा कातळ सरकत जातो आणि फिल्म या सर्वांची सरासरी नोंदवते. विरळ धारेत त्या सरासरीत कातळाचा वाटा मोठा असल्याने सुंदर करड्या रेघा मिळतात. भरलेल्या धारेत मात्र मागचा कातळ दिसतच नाही, उजळ लोटामागे उजळ लोटच येतो, आणि सगळे पुसले जाऊन एकसारखा सपाट पांढरा राहतो. हा पोत एकदा सरासरीत गेला की एक्स्पोजर कमी करून परत मिळत नाही. सपाट पांढऱ्याच्या जागी सपाट करडा मिळतो, एवढाच फरक पडतो.

याचा हिशेब कागदावर मांडून पाहिला तर गोष्ट स्पष्ट होते. वीस मीटर पडल्यावर पाण्याचा वेग, हवेचा अडथळा बाजूला ठेवला तर, सेकंदाला सुमारे २० मीटर असतो. १/८ सेकंदात ते अडीच मीटर सरकते. ९० मीटरांचा धबधबा प्रिंटवर २० सेंटिमीटर उंच छापला, तर ते सरकणे कागदावर साडेपाच मिलिमीटर होते, म्हणजे पाण्याची धाव दिसते आणि लोटांचे आकारही टिकतात. हेच पूर्ण एक सेकंद शटर उघडे ठेवले तर सरकणे साडेचार सेंटिमीटरांच्या जवळ जाते आणि लोट नावाची गोष्टच उरत नाही. म्हणून पाणी भरून वाहत असताना मी १/१५ ते १/४ सेकंदाच्या दरम्यान राहते, आणि दिवाळीच्या सुमारास तिंछाला दोन-चार बारीक धारा उरल्या की एक-दोन सेकंदांपर्यंत जाते. प्रत्येक धबधब्याला रेशमी करून टाकणारे लांब एक्स्पोजर आज सर्रास दिसते. मला ते भरल्या नदीवर अन्याय करणारे वाटते, कारण पाताळपाणीच्या काठावर उभे राहिल्यावर पायांखाली जी थरथर जाणवते तिचा त्यात मागमूस नसतो.

एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रांत पाणी बहुतेक वेळा धुक्यासारखे दिसते, हे खरे. पण तो त्या काळच्या मंद काचप्लेटांचा नाइलाज होता. त्या प्लेटा निळ्या प्रकाशालाच प्रामुख्याने दाद देत, म्हणून आकाशही कोरे येई. आपल्या इंदूरशी या इतिहासाचा जवळचा संबंध आहे. लाला दीनदयाळ १८६६ मध्ये इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागले, १८७० च्या दशकात इथेच त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचे प्रोत्साहन त्यांना मिळाले. पुढे हैदराबादच्या निजामांनी त्यांना ‘राजा’ केले. त्यांच्या वास्तूंच्या छायाचित्रांत उन्हातल्या पांढऱ्या दगडावरचे कोरीव काम ज्या निगुतीने टिकलेले दिसते, ते पाहिले की उजळ भागाची काळजी घेण्याची सवय किती जुनी आहे हे कळते.

उजेड मोजण्यासाठी मी ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९३९-४० च्या सुमारास मांडलेली झोन पद्धत वापरते. तीत काळ्यापासून कोऱ्या पांढऱ्यापर्यंतच्या छटांना शून्य ते दहा क्रमांक असतात आणि दोन झोनमध्ये एका स्टॉपचे अंतर असते. इथे ती फार सोपी होते, कारण चौकटीत महत्त्वाच्या गोष्टी दोनच असतात. ढगाळ सकाळचे एक उदाहरण घेते. १२५ आयएसओच्या फिल्मवर, एफ/२२ ठेवून, लहानशा जागेचाच उजेड मोजणाऱ्या स्पॉट मीटरने ओल्या कातळाची गडद पण भेगा दिसायला हव्यात अशी जागा मोजली तर १/२ सेकंद आले, आणि धारेचा सर्वांत उजळ भाग मोजला तर १/६० आले. दोहोंत पाच स्टॉपचे अंतर आहे. मीटर जे मोजतो ते मधल्या करड्यावर, म्हणजे पाचव्या झोनवर बसवतो. मला कातळ तिसऱ्यावर हवा, म्हणून दोन स्टॉप कमी करून १/८ सेकंद ठेवते. त्यामुळे पाणी आठव्या झोनवर जाऊन बसते, जिथे पोत जेमतेम उरतो. मला ते सातव्यावर हवे असते. हा एक झोन खाली आणण्याचे काम डेव्हलपरकडे, म्हणजे फिल्मवर प्रतिमा उमटवणाऱ्या द्रावणाकडे, सोपवायचे, अशी खूण मी रोलच्या कागदावर तिथेच करून ठेवते. आकाश निरभ्र असून धारेवर ऊन पडलेले असेल तर अंतर सात-आठ स्टॉपपर्यंत जाते आणि तेव्हा मी मोठे दृश्य सोडून देऊन सावलीतले कोपरे शोधते.

शटर एका सेकंदापलीकडे गेले की फिल्मची संवेदनशीलता घटू लागते. हा गुणधर्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अभ्यासणारे कार्ल श्वार्झशिल्ड म्हणजे कृष्णविवराच्या त्रिज्येला ज्यांचे नाव आहे तेच. मी वापरते त्या इलफर्ड एफपी४ प्लसवर मीटरने ४ सेकंद सांगितले तर साधारण पावणेसहा द्यावे लागतात आणि ८ सांगितले तर पावणेचौदा. यात कातळ जास्त उपाशी राहतो आणि पाणी कमी, म्हणजे कॉन्ट्रास्ट, उजळ-गडदातले अंतर, तोही वाढतो. दाट धारेवर लांब एक्स्पोजर टाळण्याचे हे आणखी एक कारण आहे.

माझा कॅमेरा यशिकाचा दोन भिंगांचा आहे, १२० च्या रोलवर बारा चौकटी देणारा. वरच्या भिंगातून पाहायचे आणि खालच्यातून फिल्मवर उतरायचे, अशी त्याची रचना असल्याने पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिरता फिल्टर, लावणे थोडे निराळे पडते: तो आधी वरच्या भिंगावर चढवून फिरवायचा, कडेचा आकडा लक्षात ठेवायचा, आणि मग उतरवून त्याच आकड्यावर खालच्या भिंगावर बसवायचा. पूर्ण फिरवला तर ओल्या कातळावरची सगळी चमक नाहीशी होते. ते मोहक वाटते, पण बेसाल्टच्या उभ्या खांबांना आणि आडव्या थरांना आकार देते ती हीच चमक, आणि ती गेली की काळ्यात काळे मिसळून पाण्याशी असलेले अंतर वाढते. म्हणून मी तो अर्ध्यावरच थांबवते, हिरव्या पानांवरची झळाळी उतरेल आणि कातळाच्या कडा राहतील इतपत.

तुषारांसाठी सुती रुमाल आणि भिंगाला छोटी छत्री लागतेच. घरी आल्यावर कॅमेरा सिलिका जेलच्या डब्यात गेला नाही तर पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते. काठाची शिस्त याहून महत्त्वाची आहे. चोरलला वरच्या भागात झालेल्या पावसाने इथे ऊन असतानाही लोंढा येतो, आणि जुलै २०११ मध्ये पाताळपाणीला अशाच लोंढ्यात माणसे वाहून गेली आहेत. पात्रात उतरून मिळणारी चौकट कितीही चांगली असली, तरी ट्रायपॉड कठड्याच्या आतच उभा राहिला पाहिजे.

फिल्म धुण्यासाठी मी डी-७६ हा डेव्हलपर स्वतः मिसळते. कोडॅकचे १९२७ चे हे सूत्र आजही उघड आहे: एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम. कोमट पाण्यात सल्फाइटची चिमूट टाकून आधी मेटॉल विरघळवायचे, कारण सल्फाइट सगळे आधी गेले तर मेटॉल विरघळायला कुरकुर करते. समभाग पाणी घालून, २० अंशांवर, एफपी४ ला ११ मिनिटे लागतात; पाणी एक झोन खाली आणायचे असेल तर मी ९ मिनिटांवर थांबते. प्रश्न येतो तो २० अंशांचा. ऑगस्टमध्ये इंदूरच्या नळाचे पाणी २६-२७ अंशांवर असते. बर्फाने २० पर्यंत खाली ओढून मग प्रतिमा पक्की करणारा फिक्सर आणि धुण्याचे पाणी उष्ण ठेवण्यापेक्षा सगळेच २४ अंशांवर आणणे आणि ११ च्या जागी ८ मिनिटे, ९ च्या जागी साडेसहा धरणे मला जास्त भरवशाचे वाटते. तापमानाचा धक्का बसला तर फिल्मच्या थराला सुरकुत्या पडतात, आणि त्या पाण्याच्या सपाट करड्या भागातच सगळ्यांत आधी दिसतात.

आता कागद. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कागद आपल्या जुन्या स्टुडिओंतून घराघरांत पोहोचला होता. तो बंद झाल्यापासून सगळा चांगला कागद बाहेरूनच येतो आणि महाग पडतो, म्हणून प्रत्येक पानाचा विचार करावा लागतो. मी बदलत्या कॉन्ट्रास्टचा फायबर कागद, म्हणजे प्लास्टिकचा लेप नसलेला, वापरते. हा कागद हिरव्या प्रकाशाला मऊ आणि निळ्या प्रकाशाला कडक प्रतिसाद देतो, त्यामुळे निगेटिव्ह मोठे करून कागदावर पाडणाऱ्या एन्लार्जरमध्ये पिवळा किंवा किरमिजी फिल्टर घालून एकाच कागदावर दोन्ही वागणुकी मिळवता येतात. धबधब्यासाठी मी एक्स्पोजरचे दोन भाग करते: ००, म्हणजे सर्वांत मऊ फिल्टर, पाण्यासाठी, आणि ५, सर्वांत कडक, कातळासाठी.

पहिली टेस्ट स्ट्रिप, म्हणजे वेगवेगळ्या वेळा दिलेली कागदाची चाचणी पट्टी, फक्त ०० वर आणि फक्त धारेवर घेते, तीन-तीन सेकंदांच्या पायऱ्यांनी, आणि पट्टीवर मधोमध एक रुपयाचे नाणे ठेवते. डेव्हलप झाल्यावर नाण्याखालचा गोल शुद्ध कोऱ्या कागदाचा राहतो. लाल दिव्यात काहीच ठरवता येत नाही, म्हणून फिक्सरमध्ये दोन मिनिटे गेल्यावर पांढरा दिवा लावून पट्टी पाहायची. ज्या पायरीवर नाण्याच्या गोलाची कड जेमतेम ओळखू येते, तिथे पाण्याला पहिली छटा लागलेली असते. त्याच्या पुढची पायरी माझी. नाणे नसेल तर डोळा फसतो, कारण भोवती काळा कातळ असला की अगदी करडे पाणीही पांढरेशुभ्र भासते. ही फसवणूक प्रिंटमध्ये आपल्या बाजूने काम करते: पाणी पुरेसे करडे छापले तरी पाहणाऱ्याला ते पांढरेच दिसते, फक्त त्यात लोट, पदर आणि दिशा दिसू लागतात.

पाण्याची वेळ ठरली, समजा ९ सेकंद, की तिच्यावर ५ नंबरची पट्टी चढवून कातळाचा सर्वांत खोल काळा शोधायचा. तो मला भेगांच्या आत हवा, कातळाच्या अंगावर नको. यानंतरही धारेचा गाभा थोडा कोरा राहतो, तिथे काळ्या पुठ्ठ्यातल्या छिद्रातून ०० वर आणखी चार-सहा सेकंद प्रकाश द्यावा लागतो, पुठ्ठा धारेच्या दिशेने वरून खाली सतत हलवत. हे बर्निंग मऊ फिल्टरवर करण्याला कारण आहे. धारेच्या मध्ये कातळाचे जे छोटे काळे सुळके डोकावतात ते मऊ प्रकाशाने फारसे आणखी काळे होत नाहीत, पण पाणी मात्र छटा घेते. कडक फिल्टरवर हेच केले तर सुळक्यांभोवती डाग पडल्यासारखे दिसते. जिथे निगेटिव्हच इतके दाट आहे की प्रकाश जातच नाही, तिथे कागदाला आधी अगदी क्षीण, स्वतःहून काही दिसणार नाही इतका, सपाट प्रकाश देऊन ठेवते. त्याने कागद उंबरठ्यावर येतो आणि निगेटिव्हमधून पोहोचणारा थोडासा प्रकाशही नोंदला जातो.

मला हे काम शिकवणारे रामबागेतल्या एका जुन्या स्टुडिओतले काका एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत: “अगं, प्रिंट सुकल्याशिवाय बरा म्हणायचा नाही.” फायबर कागद सुकताना आठ-दहा टक्के गडद होतो, आणि हा बदल उजळ छटांत सर्वांत जास्त जाणवतो. ट्रेमध्ये ओला असताना जो प्रिंट चमकतो त्यातले पाणी दुसऱ्या दिवशी दोरीवरून काढताना मंद झालेले असते. म्हणून शेवटची पट्टी मी केस वाळवायच्या ड्रायरने पूर्ण सुकवून पाहते आणि त्यानुसार सगळ्या वेळा आठ टक्क्यांनी कमी करते. हे केल्यावर ओला प्रिंट थोडा फिका दिसतो आणि काळजी वाटते. तशीच वाटू द्यावी.

धुण्याला पाणी लागते आणि आमच्या भागात नळ एक दिवसाआड येतो. फायबर कागद वाहत्या पाण्यात तासभर धुवायचा म्हटले तर ते परवडणारे नाही, शोभणारे तर मुळीच नाही. फिक्सरनंतर थोडे धुऊन दोन टक्के सोडियम सल्फाइटच्या पाण्यात दहा मिनिटे प्रिंट हलवत ठेवला की कागदात मुरलेला हायपो, म्हणजे फिक्सरचा अंश, लवकर सुटतो, आणि पुढे ट्रेमधले पाणी पाच-पाच मिनिटांनी बदलत राहिले तरी भागते. इंदूरच्या नळाला १९७८ पासून नर्मदेचे पाणी येते, ७० किलोमीटरांवरच्या जलूदहून उपसलेले. आणि पाताळपाणीवरून पडलेली चोरल बडवाहजवळ, म्हणजे जलूदच्या वरच्या अंगाला, नर्मदेलाच मिळते. प्रिंट धुताना हे मला दर वेळी आठवते आणि बादली भरताना हात आवरता राहतो.

सुकलेल्या प्रिंटमध्ये कड्यावरून पाणी सुटते त्या ओठावर आणि तळाच्या फेसात कधीकधी एखादा तेजस्वी ठिपका हवासा वाटतो. तो पोटॅशियम फेरिसायनाइडच्या फिकट पिवळ्या द्रावणाने मिळतो. प्रिंट पुन्हा भिजवून, वरचे पाणी टिपून, बारीक ब्रशने एक स्पर्श करायचा, लगेच पाण्याने थांबवायचे, फिक्सरमध्ये घालून पाहायचे आणि मगच दुसरा स्पर्श. द्रावण कडक झाले तर तिथे कोरा कागद उघडा पडतो आणि तो परत भरता येत नाही. संपूर्ण धबधब्यात असे तीन-चार ठिपके पुरतात. त्यांच्यामुळे बाकीचे करडे पाणी आपोआप उजळ वाटते.

एक गोष्ट राहिली. डार्करूमच्या ट्रेवरचा दिवा घरातल्या भिंतीवरच्या उजेडापेक्षा बराच प्रखर असतो, आणि त्याखाली योग्य वाटलेला कातळ दिवाणखान्यात काळा गोळा होऊन बसतो. म्हणून ट्रेवरचा दिवा मी आता चाळीस वॉटचा आणि जरा दूर लावला आहे, आणि मोठा प्रिंट काढण्याआधी छोटा प्रिंट ज्या भिंतीवर लागणार असेल तिथे दुपारी आणि दिवेलागणीनंतर असा दोन्ही वेळा टाचून पाहते. कातळाच्या भेगा संध्याकाळी दिसेनाशा झाल्या तर ५ नंबरची वेळ अर्धा-एक सेकंद कमी करायची. पाण्याच्या ०० ला मात्र हात लावायचा नाही.